पैसे कापले गेले

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात इंग्रजी शिकायच्या जागा दोन. एक शाळा आणि दुसरी बँकेची रांग. पहिल्या ठिकाणी मी पाचवीपासून बारावीपर्यंत आठ वर्षं बाकावर बसून काढली, आणि दुसऱ्या ठिकाणी काऊंटरच्या आतल्या बाजूला खुर्चीवर बसून एकवीस वर्षं काढतो आहे. मधली काही वर्षं कॉमर्स कॉलेजात गेली, पण तिथलं इंग्रजी आम्हांला मराठीतून समजावून सांगत असत, म्हणून ती मी हिशेबात धरत नाही.

आमच्या वेळी इंग्रजी पाचवीत लागायचं. ‘लागायचं’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. ठेच लागते, ऊन लागतं, तसं इंग्रजी लागायचं. (२००० सालापासून सरकारने मराठी शाळांतही ते पहिलीपासून लावलं. त्यामुळे आमची पिढी जे सहावीत विसरायची, ते आता मुलं दुसरीतच विसरून मोकळी होतात.) आमचे मास्तर मूळचे गणिताचे. इंग्रजीचा तास त्यांच्याकडे कसा आला हे शाळेलाही माहीत नसावं. त्यांनी आपल्या परीने मार्ग काढला आणि क्रियापदांची रूपं पाढ्यांच्या चालीवर घोकून घेतली. गो-वेंट-गॉन, डू-डिड-डन, ईट-एट-ईटन. बे एके बे म्हणतात तसं. या गाड्यात कट-कट-कट आलं की वर्गात एकदम जीव यायचा. किती गुणी क्रियापद! तिन्ही रूपं सारखी. पुढे बँकेत लागल्यावर पाहिलं, तर ते तिन्ही काळी चालूच असतं.

पण मास्तरांचा खरा जीव होता तो पॅसिव्ह व्हॉइसवर. मराठीत याला कर्मणी प्रयोग म्हणतात, आणि तो दर शनिवारी सकाळच्या शाळेत आमच्यावर केला जात असे. रामाने रावणाला मारलं, हे सरळ वाक्य. त्याचा पॅसिव्ह करायचा म्हणजे रावणाला पुढे आणायचं, रामाला मागे न्यायचं आणि रामाच्या आधी ‘बाय’ उभा करायचा. ‘रावण वॉज किल्ड बाय राम.’ मास्तर म्हणायचे, ‘कर्ता मागं गेला तरी चालते, पन तो पळून जाता कामा नाही. त्याले बायनं बांधून ठेवा.’ बाय विसरला की हातावर छडी. ती कोणी मारली हे सांगायला मात्र बायची गरज पडत नसे.

घरी वडिलांच्या लोखंडी पेटीत तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती. पानं पिवळी पडलेली आणि पेटीतल्या डांबराच्या गोळ्यांचा वास लागलेली. तर्खडकर या आडनावाने आपल्या दोन्ही भाषांचा ठेकाच घेतलेला दिसतो. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं, त्यांना लोक मराठीचे पाणिनी म्हणतात. आणि इंग्रजी यावं म्हणून महाराष्ट्राच्या पिढ्यान्‌पिढ्या ज्या पाठमालेला शरण गेल्या, तीही तर्खडकरांचीच. वडील म्हणायचे, ‘ज्यानं तर्खडकर पचवला, त्याचं जगात कुठंच अडत नाही.’ ते स्वतः निम्म्यापर्यंत पोचले होते. त्यांचं जगात कुठे अडलंही नाही, कारण ते आर्णीच्या पलीकडे फारसे गेलेच नाहीत.

एक गोष्ट मात्र मला अजून उमगलेली नाही. आपल्याला इंग्रजी नीट यावं म्हणून आपल्या हातांवर वळ उठले. पण साहेबाला आपले शब्द नीट यावेत म्हणून कोणी काय केलं? १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं. आमच्या वणीचं त्यांनी ‘वून’ केलं. नुसतं बोलण्यात नव्हे, अख्ख्या जिल्ह्याचं नाव सरकारी दप्तरात वून डिस्ट्रिक्ट! १९०५ साली जिल्ह्याला यवतमाळचं नाव मिळालं, तेही वाय-ई-ओ असं सुरू होणारं. हे स्पेलिंग आमच्या मास्तरांच्या हाती पडतं, तर समोर साक्षात व्हाइसरॉय असता तरी त्याला हात पुढे करावा लागला असता. शब्द गिळण्यातही साहेब काही कमी नाही. आमच्या कापसाच्या जिनिंगमधला ‘जिन’ हा मूळचा ‘इंजिन’च, त्याचं डोकं साहेबाने खाल्लं. आणि आमच्या हमालाने स्टेशनचं टेसन केलं की तो अडाणी!

बरं, आपल्या लोकांना इंग्रजी येत नाही असं म्हणायची पद्धत आहे, ती मला साफ नामंजूर आहे. माझ्या काऊंटरवर येऊन ऐका. ज्याने शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, तोही ‘विड्राल’ करतो, ‘केवायशी’ देतो, आणि ‘लिंक फेल आहे’ म्हटलं की ‘कधी येईन मंग?’ असं विचारून झाडाखाली जाऊन बसतो. शिवाय या शब्दांना त्याने आपलं व्याकरण लावलेलं असतं. तो चेक, ती स्लिप, ते पासबुक. तो फॉर्म, ती लाईन, ते लोन. इंग्रजीत या निर्जीव वस्तूंना स्त्री-पुरुष असा भेद नाही. मग ही वाटणी कोणी केली? कोणत्या बैठकीत ठरलं की स्लिप बाई आणि चेक बुवा? पण उमरखेडपासून वणीपर्यंत ‘ती चेक’ म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. तर्खडकरांनाही हे इतकं एकमताने शिकवता आलं नसतं.

उलट अडचण होते ती शुद्ध भाषेची. बँकेतले छापील फॉर्म इंग्रजी, हिंदी आणि त्या राज्याची भाषा अशा तिन्हींत असावेत असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. दंडक उत्तम आहे. फक्त ती भाषांतरं करणारे गृहस्थ कुठे राहतात ते एकदा पाहून यायची माझी इच्छा आहे. विड्रॉलला त्यांनी लिहिलं ‘आहरण’. क्लिअरिंगला ‘समाशोधन’. एका आजोबांनी ती पावती नाकाशी धरून मोठ्याने वाचली आणि मला विचारलं, ‘आहरन मंजे सीतेचं झालं होतं थेच का जी?’ म्हटलं, ‘नाही आजोबा, पैसे काढायचे.’ ‘मंग सरळ विड्राल लिवा ना मराठीत!’

आता माझ्या धंद्यातले शब्द. त्यांच्यात मी रोज बसतो म्हणून त्यांच्या घरची थोडी माहिती मला आहे. कर्जाला इंग्रजीत ‘डेट’ म्हणतात. त्याच्या स्पेलिंगात टीच्या आधी एक ‘बी’ आहे, पण उच्चारात नाही. हा ‘बी’ पूर्वी लिहीतही नसत. पुढे विद्वानांना आठवलं की हा शब्द मूळचा लॅटिन ‘डेबिटुम’वरून आलेला, म्हणून त्यांनी तो परत घुसवला. तेव्हापासून तो आहे. बोलत नाही, पण असतो. व्याजाची रीत नेमकी अशीच. ‘क्रेडिट’ हा मूळचा विश्वास ठेवण्याचा शब्द. आपण त्याला ‘पत’ म्हणतो, आणि पतपेढी त्यावरूनच झाली. आणि तारणाला म्हणतात ‘मॉर्गेज’. यातही एक टी गप्प बसलेला आहे. जुन्या फ्रेंचमध्ये या शब्दाचे दोन तुकडे होतात, ‘मॉर्ट’ आणि ‘गेज’. गेज म्हणजे तारण आणि मॉर्ट म्हणजे मेलेलं. आमच्या जिल्ह्यात शेतीच्या कागदांवर हा शब्द रोज शिक्क्यासारखा उमटतो. त्याचा अर्थ मी काऊंटरवर कोणालाही सांगत नाही. इथल्या कित्येक घरांना तो भाषांतर न करता कळलेला आहे.

असो. सांगत होतो पॅसिव्ह व्हॉइसचं.

मास्तर रिटायर झाले, छडी इतिहासजमा झाली, आणि पॅसिव्ह व्हॉइस मोबाईलमध्ये येऊन बसला. एके दिवशी सकाळी सकाळी दारव्ह्याकडच्या एका खेड्यातल्या मावशी काऊंटरवर आल्या. वय पासष्टच्या पुढचं. श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे १५०० रुपये त्यांच्या खात्यात येत. हातात बटणांचा मोबाईल, तो रुमालात बांधलेला. गाठ सोडून त्यांनी तो काचेतून आत सरकवला.

‘भाऊ, पैसे कापले गेले.’

‘किती मावशी?’

‘सतरा रुपये अन् वरतून सत्तर पैसे. कोनं कापले?’

एकवीस वर्षांत हा प्रश्न मला कोणी असा विचारला नव्हता. लोक ‘किती कापले’ विचारतात, ‘काहून कापले’ विचारतात. पण ‘कोणी’? वाक्यातला कर्ता हजर करा, अशी मागणी मास्तरांनंतर या मावशींनीच केली. मी मेसेज वाचला. ‘यूवर अकाऊंट इज डेबिटेड बाय रुपीज सेव्हन्टीन पॉइंट सेव्हन झीरो.’ पाहा, पॅसिव्ह आहे. ‘बाय’सुद्धा आहे. पण मास्तरांनी ज्याला बायने बांधून ठेवायला सांगितलं होतं तो राम कुठे आहे? बायच्या मागे उभे आहेत १७ रुपये ७० पैसे. म्हणजे आमच्या शाळेच्या हिशेबाने १७ रुपये ७० पैशांनीच येऊन खातं कापलं आणि तेच निघून गेले. सगळ्या कचेऱ्यांचं इंग्रजी असंच असतं. कळवण्यात येते की, असे निदर्शनास आले आहे की, खेद वाटतो की. कोण कळवतो, कोणाच्या निदर्शनास आलं, खेद नेमका कोणाला वाटला, त्याचा पत्ता नाही. मला तर कधी कधी वाटतं, कचेरीत माणसंच नसतात, नुसती क्रियापदं असतात.

पण मावशी समोर उभ्या होत्या. म्हटलं, ‘मेसेजचे पैसे आहेत मावशी. खात्यात काही झालं की मोबाईलवर मेसेज येतो ना, त्याचे. तीन महिन्यांचे १५ रुपये, अन् त्याच्यावर १८ टक्के टॅक्स, २ रुपये ७० पैसे.’

‘मंजे पैसे कापले हे सांगाचे पैसे कापले?’

‘हो.’

‘अन् थे सांगतलं इंग्रजीत?’

‘हो.’

‘मले इंग्रजी येत नाही.’

‘हो.’

‘मंग मले सांगतलं कुठं?’

रांगेत शांतता पसरली. मागून कोणीतरी ‘बराबर हाय’ म्हणालं. आमच्या मॅनेजरसाहेबांनी केबिनमधून मान वर केली आणि परत खाली घातली. मी कॉमर्सचा पदवीधर; सेवा आणि तिचं मूल्य यावर आम्हांला एक अख्खा पेपर होता. त्या पेपरात हा प्रश्न आला नव्हता.

मी म्हटलं, ‘मेसेज बंद करायचा अर्ज देऊ का मावशी? पैसे वाचतील.’

‘बंद कायले? बंद केलं तं कापल्यालेबी समजनार नाही. मले वाचता आलं पायजे. नातू वाचून देते, पन एका मेसेजचे दहा रुपये घेते.’

म्हणजे बँकेपेक्षा नातवाचा दर चढा निघाला. टॅक्स नाही, एवढीच सवलत. आता सबंध इंग्रजी काही काऊंटरवर शिकवता येत नाही, मागे पंधरा माणसं उभी असतात. पण मावशींना सबंध इंग्रजी नकोच होतं. त्यांना दोन शब्द हवे होते, ‘आले’ आणि ‘गेले’. मी सांगितलं, ‘क्रेडिट म्हणजे जमा. डेबिट म्हणजे नावे.’ हे मात्र त्यांना एका झटक्यात समजलं. कारण किराणा दुकानात त्यांचा जन्म गेलेला. दुकानदाराने वहीत नावे टाकलं की आपल्याला द्यावं लागतं, आणि जमा केलं की आपण सुटलो. आमच्या प्रोफेसरांनी डेबिट-क्रेडिट समजावायला दोन महिने घेतले होते, आणि तरी अर्धा वर्ग परीक्षेच्या आदल्या दिवशी मारुतीला गेला होता.

अक्षरांचा प्रश्न उरला. एबीसीडी मावशींना येत नव्हती. मी स्लिपच्या पाठीमागे मोठा सी काढला आणि मोठा डी काढला. त्या दोन्हींकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग सीवर बोट ठेवून म्हणाल्या, ‘हा इळा.’ खरंच, सी म्हणजे हुबेहूब विळा. ‘इळा मंजे कापनी झाली, माल घरी आला. हा जमा.’ मग डीकडे वळल्या. ‘अन् याचं पोट पुढं आलं. हा खाऊन बसला. हा नावे.’

मी एबीसीडी शिकलो ती ए फॉर ॲपल करून. आमच्या गावात तेव्हा ॲपल कोणी पाहिलेलं नव्हतं. ते आजारी माणसाला द्यायचं फळ आहे एवढंच ऐकून माहीत. सी फॉर कॅट आणि डी फॉर डॉग, तर कॅटच्या पोटात विळा नव्हता आणि डॉग हाडकुळा. यात लक्षात ठेवण्यासारखं काय होतं? मावशींनी ती स्लिप घडी करून रुमालात मोबाईलच्या शेजारी ठेवली आणि गेल्या. मागच्या माणसाने काचेतून डोकं आत घालून विचारलं, ‘साहेब, पोटवाला कोनता म्हनला?’

यानंतर दर महिन्याला त्या यायच्या. पैसे काढायचे आणि वाचून दाखवायचं. एकदा एक लांबलचक मेसेज घेऊन आल्या. त्यात चार आकडे होते आणि शेवटी लिहिलेलं, ‘डू नॉट शेअर.’ ओटीपी होता. कोणाला सांगू नका, हा त्याचा अर्थ. पण ‘शेअर’ या शब्दाचीही गंमत पाहा. मी कॉमर्सवाला, मला शेअर म्हटलं की कंपनीचा भाग दिसतो. माझ्या पुतण्याला शेअर म्हटलं की एका बोटाने चाळीस जणांना सुप्रभात पाठवणं दिसतं, आणि ते पुण्यकर्म आहे. मावशींच्या गावातल्या एका शिकलेल्या गृहस्थांनी त्यांना सांगितलं होतं की शेअर मंजे मुंबईच्या लोकायचं काम, आपल्याले लागू नाही. तो मेसेज आल्यावर कोणीतरी फोन करून ‘बँकेतून बोलतोय, नंबर सांगा’ म्हणत होता. मावशींनी नंबर सांगितला नाही. काहून नाही सांगितला, विचारलं, तर म्हणाल्या, ‘तो लय गोड बोलत होता. बँकेतलं मानूस असं बोलते का?’

खात्यात तेव्हा ६,२०० रुपये होते. ते राहिले, आणि त्यात आम्ही काऊंटरवाल्यांनी वर्षानुवर्षं कमावलेल्या आवाजाचाही थोडा वाटा आहे असं मी मानतो. शेअरचा खरा अर्थ मात्र मी त्यांना त्या दिवशी नीट सांगितला. ‘शेअर करू नका मंजे तोंडातून काढू नका.’ त्यांनी हे वाक्य रांगेतल्या दोन बायांना तिथल्या तिथे शिकवलं. आता आमच्या शाखेत मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, एक वर्गच भरतो. फळा नाही, छडी नाही. विळा आणि पोट एवढाच अभ्यासक्रम. पासबुक भरायच्या मशीनसमोर दोन बायका उभ्या राहतात आणि छापून आलेल्या पानावर बोट ठेवून ‘इळा, इळा, पोट, इळा’ असं वाचत जातात. नवीन आलेल्या प्रोबेशनरी ऑफिसरने, तो दिल्लीकडचा, मला विचारलं की या काय मोजताहेत. मी म्हटलं, ग्रामर.

फेब्रुवारीत मावशी परत आल्या, चेहरा जरा गंभीर. मुलाच्या पीककर्जाला त्यांचाच मोबाईल नंबर दिलेला आहे. मेसेज पुढे करून म्हणाल्या, ‘भाऊ, तुमचं इंग्रजी चुकून रायलं. हा पाहा पोटवाला आला. पन म्या पासबुक भरून पायलं, पैसे तेवढेच आहेत. पोट पुढं अन् खाल्लं काईच नाही, हे कसं?’

शब्द होता ‘ड्यू’. डीपासूनच सुरू होणारा. शाळेत मास्तर अशा वेळी ‘प्रत्येक नियमाले अपवाद असते’ म्हणून पुढच्या पानावर जायचे. मला जाता येईना, कारण त्या पुढचा अर्थ ऐकायला काचेवर टेकून उभ्या होत्या. सांगितलं, ‘मावशी, हा डेबिट नाही, हा ड्यू. यानं अजून खाल्लं नाही. पान वाढून ठेवा म्हणते.’

‘कधी जेवनार?’

‘३१ मार्चला. त्याच्या आत भरलं तर व्याजाची सवलत भेटते. तारीख टळली तर सवलत गेली.’

मावशींनी बोटांवर मोजलं. तोंडाने पुटपुटत होत्या, किती क्विंटल घरात, किती व्यापाऱ्याकडे, भाव काय. मग मोबाईल रुमालात बांधला.

‘तवरक कापूस इकला जाते,’ त्या म्हणाल्या. ‘पोराले आजच सांगतो. तो मेसेज पायत नाही, नुसते फोटू पायते.’

आणि मागच्या बाईला पुढे यायला जागा करून देता देता थांबल्या. ‘भाऊ, त्या ड्यूचं पोट मले वेगळं काढून द्या ना जी एका कागदावर. बायायले दाखवा लागीन.’